उभं करून तपासा

नमस्कार. बाहेर बोर्डवर 'शिरांचे विकार आणि मूत्ररोग' असा विषय लिहिलाय, तो वाचूनही तुम्ही आत आलात म्हणजे कमाल आहे, नाहीतर कूलरसाठी आला असाल, चालेल. चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली आठ माझी ओळख करून देण्यात गेली, ती मी माझ्या खात्यात धरणार नाही.

पायातल्या शिरा फुगतात ते सगळ्यांना माहितीय. कंडक्टर, न्हावी, शाळेतल्या बाई, दिवसभर उभं राहणाऱ्या कुणाच्याही पोटऱ्या बघा. पण तशाच शिरा अंडकोषातही फुगतात म्हटलं की लगेच मंडळी मोबाईल काढून बसतात. बसा. त्याला व्हेरिकोसील म्हणतात, आणि शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना तो असतो. हॉलमध्ये किती पुरुष आहेत ते तुम्हीच मोजा, मी कुणाकडे बघत नाहीये.

आणि बहुतेक वेळा डावीकडेच. का? माझ्या घरी बाथरूमचं पाणी तुंबायचं, तेव्हा प्लंबरने पाईपकडे बघूनच सांगितलं, 'साहेब, काटकोनात जोडलाय, तिरका घ्यायला पाहिजे होता.' मी म्हटलं अरे, हे तर आमच्या फर्स्ट इयरचं अ‍ॅनाटॉमी! उजव्या वृषणाची शीर तिरकी जाऊन थेट पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते, डावी मात्र जास्त लांब जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते. वरती चढायचंय, झडपा ढिल्या झाल्या की रक्त उलटं खाली येऊन साचतं. आता वृषण शरीराच्या बाहेर टांगलेत ते दोन-तीन डिग्री थंड राहावेत म्हणून, आणि तिथेच हे गरम रक्त मुक्काम ठोकतं, मग शुक्राणूंचं उत्पादन बिघडतं. मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं.

येणाऱ्या, हं. येतच नाहीत, ते माझं खरं दुखणं आहे. एक जोडपं आलं, लग्नाला सहा वर्षं. बाईंची फाईल एवढी जाड, नळ्यांची तपासणी, दुर्बीण, दोनदा, शिवाय सासूबाईंनी सांगितलेले सोळा सोमवार वेगळे. आणि नवऱ्याची फाईल? एक कागद. तपासणी झोपवून केलेली, शेरा 'नॉर्मल'. कुठे केली ते विचारू नका. मी म्हटलं, उभे राहा. तर म्हणतो, 'उभं? डॉक्टर तर झोपायला सांगतात.' दोन मिनिटं उभं केलं, श्वास रोखून जोर लावायला सांगितला, आणि डावीकडे अशा काही शिरा फुगल्या की पुस्तकात लिहितात तशी गांडुळांची पिशवी. तो स्वतःच खाली बघून म्हणाला, 'आयला, हे कधीपासून?' झोपवलं की गायब! झोपल्यावर रक्त उतरून जातं, दिसणार काय? बाई कोपऱ्यात बसलेल्या, त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त आपली जाड फाईल मांडीवरून उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं भाषण ते.

ऑपरेशन केलं. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस लागतात, त्यामुळे तीन महिने थांबून मग तपासायचं, हे लोकांना पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड. काउंट सुधारला, दीड वर्षाने मुलगी झाली. ऑपरेशनमुळेच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही, आणि दुखत नसेल, काउंट चांगला असेल तर उगाच कापाकापी पण करू नका.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं'. बरं, म्हणजे जे सांगायला बोलावलं होतंत ते आता सात मिनिटांत.

डाव्या किडनीची शीर दोन धमन्यांच्या बेचक्यातून जाते, तिथे ती चिमटली तर त्याला नटक्रॅकर म्हणतात, मी अडकित्ता म्हणतो, सुपारी म्हणजे ती शीर. उंच, किडकिडीत पोरं, लघवीतून रक्त, डाव्या कुशीत दुखणं, आणि स्टोन काही सापडत नाही, अशा वेळी याची आठवण ठेवा. कोवळ्या वयात कधी कधी नुसतं वजन वाढल्यानेही बरं वाटतं, 'तूप खा' सांगायची संधी आम्हाला एवढीच.

बायकांमध्ये अंडाशयाच्या शिरा अशाच फुगतात, बाळंतपणांनंतर जास्त, दिवसभर उभं राहून संध्याकाळी ओटीपोट जड होतं, काहींना लघवीला सारखं जावं लागतं, आणि त्यांना सांगितलं जातं की टेन्शन घेऊ नका. ताठरतेच्या तक्रारींतही कधी शिरांमधून रक्त टिकत नाही हे कारण असतं, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, हॉल भरेल.

आता एक मात्र लिहून घ्या, मोबाईलवर चालेल. चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक व्हेरिकोसील दिसला, किंवा फक्त उजवीकडेच आहे, किंवा झोपल्यावरही उतरत नाही, तर आधी पोटाची सोनोग्राफी. किडनीची गाठ शिरेत शिरून वाट अडवू शकते. हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं, प्लंबरने वेळ खाल्ला.

प्रश्न असतील तर विचारा. हां, मागचे काका, बसून नका विचारू, उभे राहा.