'एम'वर लाल फुली: ओहायो आणि मिशिगनची खुन्नस नेमकी आहे तरी काय?

[थेट सुरुवात. मागे कोलंबसच्या कॅम्पसचे फोटो.]

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात तुम्ही हिंडताय आणि पाट्या बघून वाटतं, इथे कुणाचं तरी डोकं फिरलंय. इमारतीच्या नावात, दिशा दाखवणाऱ्या फलकावर, दारावरच्या सूचनेत, जिथे जिथे इंग्रजी 'एम' दिसेल तिथे लाल चिकटपट्टीची फुली. बाकी अक्षरं जागच्या जागी. एकटा एम बाद.

कारण एम म्हणजे मिशिगन. आणि शनिवारी मिशिगनशी मॅच आहे.

नमस्कार मंडळी. आजचा विषय अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं वैर. फुटबॉल म्हणजे आपला मेस्सीवाला नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड, तो फुटबॉल. नियम आज शिकवत बसत नाही, नाहीतर व्हिडिओ तिथेच संपेल. मला बोलायचंय ते मॅचआधीच्या आठवड्याबद्दल, आणि शहाणीसुरती माणसं त्या आठवड्यात अशी का वागतात त्याबद्दल.

आधी एक शंका दूर करू. कॉलेजच्या पोरांची मॅच, तिचं एवढं काय? मिशिगन युनिव्हर्सिटी ॲन आर्बर नावाच्या गावात आहे. गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. तिथल्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. कोलंबसचं स्टेडियम १९२२ सालचं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, तिथेही लाखाच्या वर माणूस बसतं. आणि या मॅचला दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसते.

व्यावसायिक संघांवर अमेरिकेत प्रेम नाही असं नाही. पण तो संघ मालकाचा असतो. मालकाच्या मनात आलं की बिऱ्हाड हलतं. याच ओहायोतल्या क्लीव्हलँडचा संघ १९९५-९६ मध्ये मालकाने उचलून बाल्टिमोरला नेला, लोक रस्त्यावर येऊन रडले. युनिव्हर्सिटी अशी उचलून नेता येत नाही. आजोबा तिथे शिकलेले, आई तिथे शिकलेली, आणि जो कधी कॉलेजची पायरी चढला नाही तोही त्याच संघाची टोपी घालून फिरतो, कारण तो त्याच्या राज्याचा संघ आहे.

[पडद्यावर नकाशा: ओहायो, मिशिगन, मध्ये टोलेडो]

आता वैर. ते सांगायला बसलं की प्रत्येक अमेरिकन माणूस १८३५ पासून सुरुवात करतो. दोन राज्यांच्या मध्ये टोलेडो शहराजवळची एक चिंचोळी पट्टी. सरहद्द ठरवणारी रेघ सदोष नकाशांवरून आखलेली, त्यामुळे दोघांचाही दावा. मॉमी नदी तिथेच ईरी सरोवराला मिळते, म्हणजे व्यापाराचं नाकं. दोन्हीकडून सशस्त्र माणसं जमली, सभा झाल्या, धमक्या झाल्या. रक्त सांडलं ते एकाच माणसाचं: मिशिगनच्या एका शेरीफच्या माणसाला चाकू लागला, आणि तो बरा झाला. चाकू मारणाऱ्याचं नाव टू स्टिकनी. टू म्हणजे दोन. त्याच्या थोरल्या भावाचं नाव वन. वडिलांनी पोरांना नंबर दिले होते! मी बनवून सांगत नाही, इतिहासात नोंद आहे.

सीमावाद म्हटल्यावर आपल्या माणसाच्या डोक्यात बेळगाव येणारच. आणि गंमत अशी की बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी पीएचडी ओहायोतल्या ॲक्रनला केली, पुढचं संशोधन मिशिगन युनिव्हर्सिटीत, आणि आज ते डेट्रॉईटमधून खासदार आहेत. एका वादाच्या गावातून निघाले आणि दुसऱ्या वादाची सरहद्द ओलांडून गेले.

तर टोलेडो ओहायोला मिळालं. मिशिगनला राज्याचा दर्जा हवा होता, म्हणून डिसेंबर १८३६ मध्ये त्यांनी कडाक्याच्या थंडीत परिषद भरवून माघार मान्य केली. कुठे? ॲन आर्बरलाच. बदल्यात उत्तरेचा जंगलांचा मोठा प्रदेश मिळाला, तेव्हा सगळे त्यावर हसले. थोड्याच वर्षांत तिथे तांबं आणि लोखंड सापडलं.

गोष्ट झकास आहे. पण फुटबॉलचं वैर यातून आलं, हे मला पटत नाही. पहिला सामना १८९७ साली झाला, भांडण मिटून साठ वर्षं उलटल्यावर. तो मिशिगनने ३४-० ने जिंकला. १९०२ मध्ये स्कोअर होता ८६-०. ओहायोला पहिला विजय मिळाला तो थेट १९१९ मध्ये. इतकी वर्षं मार खाणाऱ्याशी कुणी वैर धरतं का? मिशिगनच्या लेखी ओहायो स्टेट म्हणजे एक सोपा शनिवार होता. खुन्नस एकतर्फी होती. १९३४ मध्ये ओहायोचे नवे कोच फ्रान्सिस श्मिट यांना विचारलं, मिशिगनचं काय करणार? ते म्हणाले, तीही माणसंच आहेत, आपल्यासारखीच एकेक पाय घालून पँट चढवतात. त्या वर्षी ओहायोने ३४-० ने मारलं, आणि तेव्हापासून मिशिगनला हरवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची इवलीशी पँट मिळते. हसू नका, ती पँट मिळावी म्हणून पोरं चार-चार वर्षं झिजतात.

माझ्या मते खरी मेख वेळापत्रकात आहे. १९३५ पासून हा सामना साखळीतला शेवटचा सामना झाला. वर्षातून एकदाच, अगदी शेवटी, परतीची मॅच नाही. जिंकलात तर वर्षभर मिशीला पीळ. हरलात तर उट्टं काढायला पुढचा नोव्हेंबर यावा लागतो. आयपीएलमध्ये मुंबई चेन्नईकडून हरली तर महिन्याभरात पुन्हा गाठ पडू शकते. इथे डिसेंबर, जानेवारी, होळी, दिवाळी सगळं त्या एका स्कोअरखाली काढायचं, आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावर मिशिगनवाला बसलेला.

ओहायो स्टेटच्या सराव केंद्रात एक घड्याळ आहे. पुढच्या मिशिगन मॅचला किती दिवस, किती तास उरले, ते दाखवणारं. बारा महिने चालू.

[थोडं थांबून, कॅमेऱ्याजवळ]

आता वुडी आणि बो, दोन कोच. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या वैराचा जीव इथे आहे.

१९५० च्या नोव्हेंबरात कोलंबसला हिमवादळ आलं. रेषा दिसेनात, बर्फ फावड्याने ओढत होते, तरी मॅच झाली आणि पन्नास हजार लोक बसून राहिले. मिशिगनचा एकही पास पूर्ण झाला नाही, एकदाही त्यांना ठरलेली दहा यार्डांची मजल मारता आली नाही, आणि तरीही ते ९-३ ने जिंकले. ओहायोने लाथ मारून दूर टाकायला घेतलेला चेंडू मिशिगनने दोनदा अडवला, तेवढ्यावर. ओहायोच्या कोचने राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले वुडी हेज.

वुडी म्हणजे जमदग्नी. मिशिगन हे नाव उच्चारायचे नाहीत. 'वरच्या अंगाचा तो संघ' म्हणायचे, कोलंबसमध्ये अजून तसंच म्हणतात. दंतकथा अशी की एकदा मिशिगनमधून परतताना गाडीतलं पेट्रोल संपत आलं, तरी वुडींनी तिथे भरू दिलं नाही. म्हणाले, गाडी ढकलत ओहायोत नेईन, पण या राज्याला एक सेंट कर देणार नाही. खरं-खोटं देव जाणे, पण वुडींना ओळखणाऱ्या कुणाला ते अशक्य वाटत नाही.

१९६८ मध्ये त्यांनी मिशिगनला ५०-१४ असं तुडवलं, आणि सामना खिशात असताना वर दोन जादा गुणांसाठी खेळले. म्हणजे पडलेल्याला आणखी एक लाथ. मिशिगनने कोच बदलला. आणला कोणाला? बो शेम्बेक्लर. वुडींच्याच हाताखाली खेळलेला, वुडींच्याच हाताखाली सहायक म्हणून शिकलेला, ओहायोतच जन्मलेला माणूस. गुरूचे सगळे डावपेच पाठ. १९६९ मध्ये सलग बावीस सामने जिंकून आलेल्या गुरूच्या संघाला शिष्याने २४-१२ ने लोळवलं.

पुढची दहा वर्षं या दोघांची. हिशेब: बो पाच, वुडी चार, एक बरोबरीत. ती १९७३ ची बरोबरी ऐका. दोघेही अपराजित, सामना १०-१०. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांच्या बिग टेन गटातून मोसमानंतरच्या मानाच्या सामन्याला एकच संघ जायचा. दुसऱ्या दिवशी गटातल्या युनिव्हर्सिटींच्या क्रीडासंचालकांनी मतदान केलं आणि ओहायोला पाठवलं. बो ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. १९७२ ते १९७४ या तीन मोसमांत त्यांनी तीस सामने जिंकले, दोन हरले, एक बरोबरीत. ते तिन्ही डाग ओहायोविरुद्धचे. आणि मोसमानंतरचा सामना? एकही नाही. तीन वर्षं, तीन शनिवार, आणि सगळं पाण्यात. आता सांगा, हा आठवडा आला की झोप लागेल का?

वुडींचा शेवट वाईट झाला. १९७८ च्या डिसेंबरात दुसऱ्याच एका संघाविरुद्ध खेळताना त्यांनी समोरच्या खेळाडूला मैदानाच्या कडेला गुद्दा मारला, टीव्हीवर, साऱ्या देशासमोर. नोकरी गेली. बो गेले ते १७ नोव्हेंबर २००६ ला, शुक्रवारी. दुसऱ्याच दिवशी कोलंबसला मॅच होती, आणि त्या वर्षी ओहायो देशात पहिल्या, मिशिगन दुसऱ्या क्रमांकावर. लाखभर ओहायोवाले मिशिगनच्या कोचसाठी शांत उभे राहिले. मग खेळ झाला, ओहायो ४२-३९ ने जिंकलं. त्याच रात्री ओहायोच्या सरकारी लॉटरीत चार आकडे निघाले: ४, २, ३, ९. ज्यांनी मॅचच्या नादात तोच नंबर लावला होता त्यांची चांदी झाली.

कोचचं नशीब या एका मॅचवर कसं टांगलेलं असतं त्याचा नमुना म्हणजे जॉन कूपर. ओहायोत तेरा वर्षं, १११ विजय. मिशिगनविरुद्ध मात्र दोन विजय, दहा पराभव, एक बरोबरी. २००१ च्या सुरुवातीला नारळ दिला. नंतर आलेले जिम ट्रेसल पहिल्याच जाहीर भाषणात म्हणाले की ३१० दिवसांनी ॲन आर्बरला तुम्हाला आमच्या पोरांचा अभिमान वाटेल. टाळ्यांनी छप्पर उडालं. दिवस मोजून आलेला माणूस, अजून काय हवं.

त्या आठवड्यात आणखी काय होतं? अंगणात झेंडे. नवरा-बायको वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीचे असले तर अर्धा झेंडा ओहायोचा लाल, अर्धा मिशिगनचा निळा. विमानतळावर कुणी 'ओ-एच' ओरडलं तर पलीकडून अनोळखी माणूस 'आय-ओ' म्हणतो. शनिवारी पहाटेपासून गाड्यांच्या डिक्या उघडून पार्किंगमध्ये शेगड्या पेटतात, सॉसेज भाजायला लागतात, थंडी शून्याखाली असली तरी. रक्तदानाचीही चुरस लावतात, कोणाच्या बाटल्या जास्त. हा एक प्रकार मला फार आवडतो. आणि वाईटही घडतं. ओहायोचे विद्यार्थी मॅचच्या आठवड्यात रात्री कॅम्पसमधल्या बर्फासारख्या गार तळ्यात उड्या मारायचे. २०१५ मध्ये त्यात एक मुलगा गेला, तेव्हा ती प्रथा बंद झाली.

[पडद्यावर: २०२४]

२०२४ पासून नियम बदलले. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत आधी चार संघ असायचे, आता बारा. म्हणजे मिशिगनशी हरलं तरी मोसम संपत नाही. जाणकार म्हणू लागले, आता या मॅचची धार जाणार. माझ्या वेळापत्रकाच्या सिद्धांतालाही हा सुरुंगच होता.

मग काय झालं? ओहायो देशात दुसऱ्या क्रमांकावर, मॅच घरच्या मैदानावर. मिशिगनचं वर्ष यथातथाच. सगळे म्हणत होते, वीसेक गुणांनी मारणार. आधीची सलग तीन वर्षं मिशिगनकडून मार खाल्लेले कोच रायन डे त्याच आठवड्यात म्हणाले होते की वडील जाणं वगैरे काही गोष्टी सोडल्या तर हे पराभव आयुष्यातल्या सगळ्यात वाईट गोष्टींत मोडतात. आणि मिशिगन जिंकलं, १३-१०. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यभागी, ओहायोच्या बोधचिन्हावर झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. दोन्ही युनिव्हर्सिटींना एकेक लाख डॉलर दंड. ओहायोच्या एका आमदाराने तर या स्टेडियममध्ये झेंडा रोवणं हा गुन्हा ठरवणारं विधेयक आणलं. कायदा काही झाला नाही.

त्यानंतर तोच ओहायो संघ बाद फेरीत एकामागून एक सगळ्यांना हरवत गेला आणि २० जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय विजेता झाला. देशात पहिला. पण अभिनंदन केलं की पुष्कळ ओहायोवाले 'हो, पण' म्हणायचे. त्या 'पण'च्या पुढे मिशिगन. विजेतेपदाने ते भरून निघालं नाही, कारण दोन्ही हिशेब वेगळ्या वह्यांत लिहिले जातात. २९ नोव्हेंबर २०२५ ला, ॲन आर्बरच्या बर्फात ओहायो २७-९ ने जिंकलं, तेव्हा कुठे रायन डे मोकळा श्वास घेताना दिसले.

माझा सिद्धांत अर्धाच खरा ठरला म्हणा. आधी मॅच बोचायची कारण ती मोसम संपवायची. आता मोसम संपत नाही, तरी बोचते, कारण बोचायची सवय लागलीय आणि सवय पिढीजात आहे.

बघायची असेल तर ऐका. सम साली सामना कोलंबसला, विषम साली ॲन आर्बरला. दिवस थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा शनिवार, म्हणजे २०२६ मध्ये २८ नोव्हेंबर. रिवाजाप्रमाणे तिकडे दुपारी बाराला सुरू होतो, आपल्याकडे रात्री साडेदहा. साडेतीन तास धरा, म्हणजे दोन वाजणार. दुसऱ्या दिवशी रविवार आहे, चालतंय. खालच्या कमेंटमध्ये एवढंच लिहा की तुम्ही लाल की निळे. आणि ॲन आर्बरला असाल, तर मित्रा, कोलंबसच्या भावंडाला त्या रात्री फोन करू नकोस.