गोदाम ते गिरणी

मंडळी, २४ मार्च २०२० ची रात्र तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. आठ वाजता कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर करणारं पंतप्रधानांचं भाषण सुरू झालं आणि ते संपायच्या आत लोक पिशव्या घेऊन जिने उतरायला लागले. पीठ, तेल, साखर, बटाटे, जे मिळेल ते. त्या गर्दीला नंतर पुष्कळ नावं ठेवली गेली. मी ठेवणार नाही. बारा वाजता सगळं बंद होणार, एवढंच लोकांच्या कानावर पडलं होतं. उद्या वाणी दुकान उघडेल का, याची कुणालाच खात्री नव्हती. मला वाईट वाटतं ते त्यांचं, ज्यांच्याकडे त्या रात्री पिशवी होती आणि पैसे नव्हते. रोजंदारीवाला महिन्याचा किराणा भरतच नाही. तो रोज संध्याकाळी पावशेर तेल आणि किलोभर तांदूळ नेतो.

आता त्याच आठवड्यातला एक आकडा ऐका. १ एप्रिल २०२० ला केंद्राच्या साठ्यात सात कोटी टनांहून अधिक धान्य होतं. नियमाप्रमाणे त्या तारखेला दोन कोटी दहा लाख टन असलं तरी भागतं. म्हणजे गरजेच्या तिप्पट धान्य पडून होतं. मग अडलं कुठे?

वाशीच्या बाजार समितीत बघा. मुंबईचं पोट या बाजारावर चालतं. लातूरकडून तूरडाळीचा ट्रक येतो. माथाडी कामगार गोणी पाठीवर घेऊन उतरवतो, तोलणार वजन करतो, सौदा होतो आणि तीच गोणी पुन्हा कुणाच्या तरी पाठीवरून टेम्पोत चढते. ही सगळी माणसं एकमेकांना खेटून काम करतात. 'अंतर ठेवा' हे त्यांना कसं सांगणार? साथ बाजारात शिरली आणि मे महिन्यात तो आठवडाभर बंद ठेवावा लागला. मालवाहतुकीला परवानगी होती, हे खरं. पण ड्रायव्हरला वाटेत जेवायला ढाबा उघडा नव्हता, पंक्चर काढणारा सापडत नव्हता आणि माल उतरवणारे कितीतरी हात गावी निघून गेले होते. (मुंबईत १८९६ चा प्लेगही पहिल्यांदा दिसला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या भागातच. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. धान्याची वखार आणि साथ यांची या शहरात जुनी ओळख आहे.)

केंद्राने माणशी महिना पाच किलो धान्य फुकट द्यायचं ठरवलं. चांगला निर्णय होता, त्याने लाखो चुली पेटत्या राहिल्या. पण हे धान्य मिळायचं ते अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असलेल्यांना. यादीबाहेरचे केशरी रेशनकार्डवाले सुरुवातीला मोकळ्या हाताने परतले. मग राज्याने त्यांना मे आणि जूनसाठी गहू आठ रुपये आणि तांदूळ बारा रुपये किलोने दिला. आणि हातात गहू आला म्हणून पोळी होत नाही. दळणाचे पैसे लागतात, गिरणी उघडी लागते, तेल-मीठ लागतं, गॅस लागतो. परराज्यातून आलेल्या, कार्डच नसलेल्या मजुरांसाठी केंद्राची घोषणा झाली १४ मे रोजी. तोवर ते रस्त्याने चालत निघाले होते.

या सगळ्यात मला राज्य सरकारची शिवभोजन थाळी मोठी वाटते. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. जानेवारीत दहा रुपयांना सुरू झालेली ही थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना मिळू लागली. खिडकीवर कुणी कार्ड मागत नव्हतं, आणि दळणाचा प्रश्नच नव्हता.

यादीचं दुखणं मात्र तसंच राहिलं, आणि त्याचा मला आजही संताप येतो. महाराष्ट्राच्या वाट्याला अन्नसुरक्षेत सात कोटी माणसं आली आहेत. हा आकडा ठरला २०११ च्या जनगणनेवरून. त्यानंतर जी लेकरं जन्मली, ज्या सुना घरात आल्या, त्यांच्यासाठी यादीत जागा वाढली नाही. देशभरात अशी दहा कोटींहून जास्त माणसं यादीबाहेर राहिली आहेत, असा हिशेब ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी २०२० च्या एप्रिलमध्येच मांडला होता. नवी जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती. ती या साथीमुळेच पुढे ढकलली गेली.