वेशीवरचा राऊटर

आजच्या विषयासाठी एक मध्यम आकाराचे महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवू. आतल्या नेटवर्कला १०.२०.०.०/१६ हा खासगी पट्टा दिलेला आहे, सेवा पुरवठादाराने २०३.०.११३.८/२९ हा सार्वजनिक पत्त्यांचा लहानसा तुकडा दिला आहे आणि या दोहोंच्या मध्ये एक राऊटर बसवायचा आहे. (हे सार्वजनिक पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातले आहेत, कोणी ते उतरवून घेऊन आपल्या यंत्रावर टाकू नयेत.) /२९ म्हणजे ८ पत्ते, त्यांतला पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, एक पुरवठादाराच्या राऊटरकडे जातो, आपल्या हाती ५ उरतात. दोन्ही इंटरफेसना (राऊटरच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांना) पत्ते द्यावेत, पुरवठादाराच्या दिशेने डीफॉल्ट रूट लिहावा, नॅट (आतल्या खासगी पत्त्याऐवजी सार्वजनिक पत्ता चढवण्याची सोय) सुरू करावे, की दहा मिनिटांत संगणकावर पान उघडते आणि काम संपले असे वाटते. माझ्या मते ते तिथे सुरू होते. वेशीवरच्या राऊटरने कोणाला जोडावे हे ठरवणे सोपे आहे. त्याने काय अडवावे, आणि विशेषतः आतून बाहेर काय जाऊ देऊ नये, हे ठरवण्यात सगळे कौशल्य आहे.

डीफॉल्ट रूटपासूनच पाहू. ‘ज्याचा ठावठिकाणा मला माहीत नाही ते सगळे बाहेर’ एवढाच त्याचा अर्थ, आणि राऊटर तो निमूटपणे पाळतो. प्रयोगशाळा, वसतिगृह, कार्यालय हे विभाग कोअर स्विचच्या, म्हणजे सगळ्या विभागांना जोडणाऱ्या मधल्या यंत्राच्या, मागे असतात. त्यांच्याकडे जाणारा रूट राऊटरला सांगितलेला नसेल, तर विद्यार्थ्याचे पॅकेट (माहितीचा तुकडा) बाहेर जाते, उत्तर वेशीपर्यंत येते, नॅट त्यावर मूळ खासगी पत्ता पुन्हा चढवते, आणि राऊटर ते उत्तर डीफॉल्ट रूटने परत पुरवठादाराच्या अंगणात ढकलतो. म्हणून १०.२०.०.०/१६ चा रूट कोअर स्विचकडे द्यावा आणि १०.०.०.०/८ हा संपूर्ण पट्टा नल इंटरफेसवर, म्हणजे आलेले सगळे टाकून देणाऱ्या नावापुरत्या टोकावर, सोडावा. दोन रूट जुळत असतील तर अधिक नेमका, म्हणजे मोठ्या आकड्याच्या प्रिफिक्सचा (तिरक्या रेघेपुढचा आकडा मोठा, म्हणजे पट्टा लहान) रूट जिंकतो. त्यामुळे आपली पॅकेटे योग्य ठिकाणी पोहोचतात आणि खासगी पत्त्यांच्या नावाने चुकून निघालेली बाकीची तिथेच संपतात. हा नियम लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

नॅटविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे: ते असले की संरक्षण आपोआप मिळते. नॅट पत्त्यांच्या टंचाईवर काढलेला तोडगा आहे, राखणदार नव्हे. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत) सुरू करताच हे उघड होते, कारण तिथे प्रत्येक यंत्राला सार्वजनिक पत्ता मिळतो आणि जुन्या आयपीव्ही४ साठी लिहिलेली अ‍ॅक्सेस लिस्ट (काय जाऊ द्यावे, काय अडवावे याची यादी) त्या वाहतुकीकडे पाहतही नाही. दोन्हींसाठी नियम स्वतंत्रपणे लिहावे लागतात.

बाहेरून येणाऱ्या पॅकेटचा उगम आपलाच किंवा खासगी पट्ट्यातला दाखवला असेल, तर ते बनावट समजून टाकून द्यावे. याची उलट बाजू मे २००० मधल्या आरएफसी २८२७ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती नोंदवणारे क्रमांकित दस्तऐवज) सांगितली: आपल्या जाळ्यातून आपल्याच पत्त्यांची पॅकेटे बाहेर पडली पाहिजेत, इतर नाहीत. या नियमाने आपले स्वतःचे संरक्षण फारसे होत नाही, शेजाऱ्यांचे होते, आणि बहुधा म्हणूनच तो लिहायचा राहून जातो. मात्र अडवण्याच्या उत्साहात आयसीएमपी (यंत्रांनी एकमेकांना अडचणी कळवण्याचे निरोप) सरसकट बंद करू नये. पीपीपीओई या ब्रॉडबँड पद्धतीच्या जोडणीत पॅकेटचा कमाल आकार १५०० ऐवजी १४९२ बाइट असतो, आणि ‘पॅकेट मोठे आहे, लहान करा’ हा निरोप आयसीएमपीनेच येतो. तो अडला की पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का ही लहानशी चाचणी) चालते, लहान पाने उघडतात आणि मोठी मध्येच लटकतात.

पुढे महाविद्यालयाने दोन पुरवठादार घेतले, भारतातल्या आयआरआयएनएन या नोंदणीसंस्थेकडून स्वतःचा /२४ पट्टा आणि एएस क्रमांक (इंटरनेटवर आपल्या जाळ्याची ओळख सांगणारा आकडा) मिळवला, की बीजीपी आले, म्हणजे वेगवेगळ्या जाळ्यांच्या राऊटरांनी एकमेकांना रूट सांगण्याची पद्धत. इथे पॅकेटांबरोबर आपल्या घोषणाही बाहेर जातात. फिल्टर नसेल, तर एका पुरवठादाराकडून शिकलेले रूट आपला राऊटर दुसऱ्याला सांगतो आणि दोघांमधली वाहतूक महाविद्यालयाच्या बारीकशा लाइनवरून वाहू लागते. २०१७ च्या आरएफसी ८२१२ नुसार धोरण लिहिलेले नसेल तर बाह्य बीजीपीने काहीही घेऊ-देऊ नये. पण प्रत्येक यंत्र तसे वागेलच असे धरू नये. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशात बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा रूट तयार केला. तो देशापुरता राहायला हवा होता, परंतु हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या पुरवठादाराकडे गेला, त्यांनीही तो न तपासता पुढे पाठवला, आणि यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ ची असल्याने अधिक नेमका /२४ जगभर जिंकला. सुमारे दोन तास यूट्यूब जगाच्या मोठ्या भागाला दिसेनासे झाले. दोन ठिकाणी बाहेरच्या दिशेचे फिल्टर नव्हते, एवढीच ती गोष्ट. म्हणून बीजीपीच्या बाहेरच्या यादीत फक्त आपला /२४ लिहावा, त्याखेरीज काही नाही.

आता कामाच्या पद्धतीविषयी. मी एकदा घरी बसून दूरच्या राऊटरवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावली आणि तिच्यात माझाच पत्ता लिहायचा विसरलो. मग कन्सोल केबल (राऊटरला थेट जोडायची तार) घेऊन तिथपर्यंत प्रवास करावा लागला. तेव्हापासून बदल करण्याआधी मी राऊटरला दहा मिनिटांनी आपोआप रीलोड होण्याची (बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची) आज्ञा देतो. बदल जतन केलेला नसल्यामुळे काही बिघडलेच तर जुने कॉन्फिगरेशन परत येते. त्या दहा मिनिटांत आतल्या प्रत्येक विभागातून एक मोठी फाइल उतरवून पाहावी, मोबाइल डेटावरून आपल्या सार्वजनिक पत्त्यांवरचे पोर्ट (सेवांची क्रमांकित दारे) तपासावेत, आणि दोन्ही ठीक निघाले तरच रीलोड रद्द करून कॉन्फिगरेशन जतन करावे.