वर्गणी आपली, माइक कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

धर्माच्या नावाने कुठे रक्त सांडलं, की दुसऱ्या दिवशी त्या धर्माचा एखादा पापभीरू माणूस ऑफिसात कोंडीत सापडतो. "तुम्ही लोक निषेध का करत नाही?" तो म्हणतो, "मी देवाला हात जोडतो आणि कामाला लागतो, माझा काय संबंध?" विचारणाऱ्याचा रोख चुकीचा असतो, यात शंका नाही. पण उत्तर देणाराही जरा लवकरच सुटका करून घेतो.

जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी 1945-46 च्या हिवाळ्यात, नाझी राजवट नुकतीच कोसळली असताना, हायडेलबर्ग विद्यापीठात याच प्रश्नावर व्याख्यानं दिली. दोषाचे चार प्रकार त्यांनी वेगळे केले. त्यातला फौजदारी दोष ज्याने कृत्य केलं त्याचाच, आणि तो ठरवायचा न्यायालयाने. नैतिक दोष मात्र ज्याचा त्याने स्वतःशी तपासायचा. आपला कायदाही याहून फार वेगळं बोलत नाही. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव असेल आणि समान उद्देशापोटी एकाने गुन्हा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 190 प्रमाणे प्रत्येक सदस्य दोषी ठरतो. पण नुसता बघ्या म्हणून उभा होता, एवढ्याने कुणी दोषी होत नाही. मग दूर घरी बसलेला, केवळ त्याच धर्माचा म्हणून दोषी कसा होईल? तो भाग मिटला. उरतो तो नैतिक दोष, आणि त्याचं उदाहरण शोधायला बडोदेकरांना गावाबाहेर जावं लागत नाही.

सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन 1913 साली बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कला पाठवलं. करारानुसार 1917 मध्ये ते बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. राजा उदार, सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1906 मध्येच संस्थानभर लागू केलेला. तरी कचेरीत शिपाई फायली लांबूनच टाकत. हिंदू हॉटेलात खोली मिळणार नाही, म्हणून बाबासाहेब वहीत पारशी नाव लिहून एका पारशी धर्मशाळेत राहिले. राहणं-जेवण मिळून रोजचा दीड रुपया. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले: संध्याकाळपर्यंत खोली खाली कर.

काठीवाल्यांना घटकाभर बाजूला ठेवू. बाबासाहेबांचे या शहरात दोन मित्र होते, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. हिंदू मित्र हळहळला, संतापलाही. पण म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. कुटुंब मूळचं ब्राह्मण, नवरा उदार, बायको जुन्या वळणाची. मुंबईची गाडी रात्री 9 ला होती. मधले तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, बसून काढले.

या दोन मित्रांना गुन्हेगार म्हणणं अन्याय होईल. त्यांनी काठी उचलली नाही, काठीवाल्यांचं समर्थनही केलं नाही. पण एकाला नोकर गमवायचे नव्हते आणि दुसऱ्याला घरात कटकट नको होती, एवढ्यावर काठीवाल्यांचं काम पुरं झालं. पापभीरू माणसाची जबाबदारी मोजायची ती इथे: त्याच्या हातात काय होतं, आणि ते करायला त्याला किती किंमत मोजावी लागली असती? नोकर जाणं ही किंमत जिवापेक्षा पुष्कळच कमी.

काही विचारवंत याच्याही पुढे जातात. ते म्हणतात, सौम्य भाविक ग्रंथाला पवित्र मानतो, म्हणून त्याच ग्रंथाचा आधार घेणाऱ्या अतिरेक्याला संरक्षण मिळतं. हे मला पटत नाही. अतिरेक्याचा पहिला राग बहुधा स्वधर्मातल्या सौम्य माणसावरच असतो. सिंधमध्ये सेहवानला लाल शाहबाज कलंदर या सूफी संताच्या दर्ग्यात फेब्रुवारी 2017 मध्ये स्फोट झाला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. ती सगळी श्रद्धाळूच होती. श्रद्धा ही ढाल असती, तर तिच्यावरच घाव कशाला पडला असता?

तेव्हा श्रद्धेचा हिशोब मागू नये. हिशोब मागावा तो वर्गणीचा, गर्दीचा आणि माइकचा. या तीन गोष्टी पापभीरू माणूस देतो, आणि दिल्यावर मागे वळून पाहत नाही.

आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मंडळांना सवयीचं असलेलंच घ्या. पावतीवर मंडळाचं नाव असतं, पण क्यूआर कोड एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा निघतो. पैसा तिथून कुठे गेला, हे मग खजिनदारालाही सांगता येत नाही. मंडळाच्या नावाचं खातं, दोन सह्या आणि त्याच खात्याचा कोड, एवढं केलं तरी गळती बरीच थांबते. ते होत नसेल तर वर्गणी देऊ नये आणि का देत नाही ते तोंडावर सांगावं. गणपती रागावत नाही. रागावतो तो कार्यकर्ता.

माइकची गोष्ट जरा नाजूक. भडक वक्ता बहुतेक वेळा समितीने निवडलेला नसतोच. कुणी तरी मोठा देणगीदार म्हणतो, "मानधन मी देतो, माणूस माझा." नाव तीन दिवस आधी कळतं, पत्रिका छापून झालेली असते, आता नाही कसं म्हणायचं? म्हणून वक्त्याचं नाव पत्रिका छापखान्यात जाण्याआधी बैठकीत मंजूर व्हायला हवं, आणि त्याआधी त्याची अलीकडची दोन भाषणं कुणी तरी शेवटपर्यंत ऐकायला हवीत. सुरुवातीची दहा मिनिटं पुरत नाहीत; तिथे श्लोक आणि शिवराय असतात, विष येतं ते टाळ्या पडू लागल्यावर. निमंत्रणपत्रात विषय आणि वेळ लिहावी. साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवावं, की आवाज खाली घ्यायची खूण फक्त अमुक एक माणूस करील. खूण करणाराच ठरलेला नसेल, तर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. दोन समाजांत वैर पेटवणाऱ्या बोलण्याला न्याय संहितेच्या कलम 196 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेच पूजेच्या ठिकाणी किंवा धार्मिक कार्य चालू असलेल्या जमावात झालं तर पाच वर्षांपर्यंत.

म्यानमारमध्ये मार्च 2017 मध्ये वरिष्ठ भिक्खूंच्या मंडळाने मुस्लिमविरोधी प्रचार करणाऱ्या विराथू या भिक्खूला वर्षभर प्रवचनबंदी केली. त्याने तोंडाला पट्टी लावली, आसनावर बसला आणि जुन्या प्रवचनांच्या ध्वनिफिती वाजवल्या! बंदी तोंडावर होती, आसनावर नव्हती. ठराव करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं हे उदाहरण आहे.

मिरवणूक चिघळते ती चालताना सहसा नाही, थांबल्यावर. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळासमोर ट्रक उभा राहतो, एक ठरावीक गाणं लागतं, घोषणा सुरू होतात. ट्रक कुठे थांबवायचा हे ठरवणारे पुढे असतात, आणि वडीलधारी मंडळी मागे मूर्तीसोबत टाळ वाजवत असतात. काकांनी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसायला हवं. गाण्यांचा पेनड्राइव्ह आदल्या दिवशी तपासून बंद पाकिटात ठेवायला हवा. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद हा नियम आहेच. सवलत मिळते ती सरकारने जाहीर केलेल्या दिवसांना, तीही बारापर्यंतच.

व्हॉट्सअॅपबद्दल थोडक्यात. सदस्याच्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी फौजदारी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं. पण आता अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसता येतो. कायदा पकडत नाही, म्हणून तो मेसेज ग्रुपवर राहू द्यायचा की नाही, हा प्रश्न अॅडमिनपुढे राहतोच.

नकार किती ठोस असू शकतो, हे 2008 मध्ये मुंबईत दिसलं. हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या मुस्लिम ट्रस्टने नकार दिला. जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ पडून होते. जानेवारी 2010 मध्ये सरकारने गुपचूप दफन केलं. ट्रस्टींच्या हातात कब्रस्तान होतं, तेवढं त्यांनी वापरलं.

आणि जिथे पापभीरू माणसाने सगळं केलं, तिथे जबाबदारी पुढे सरकते. श्रीलंकेत काट्टानकुडी गावच्या मुसलमानांनी, पुढे ईस्टरच्या हल्ल्याचा म्होरक्या ठरलेल्या झहरान हाशिमविरुद्ध पोलिसांकडे आधीच तक्रारी केल्या होत्या; मार्च 2017 मध्ये त्याच्या माणसांनी सूफी मंडळींवर हल्लाही केला होता. तो मोकळाच राहिला. 21 एप्रिल 2019 च्या ईस्टर स्फोटांत अडीचशेहून जास्त लोक मेले. तिथल्या शेजाऱ्याला "तुम्ही गप्प का होतात?" असं विचारणं हा कांगावा आहे.

म्हणून तोंडी कानावर घालून थांबू नका. तक्रार लेखी द्या, दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. नेमके शब्द, जागा, वेळ लिहा. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल जपून ठेवा, फॉरवर्ड केलेली नव्हे. ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 173 प्रमाणे तीच माहिती टपालाने पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे, पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नमस्कार.