जुव्यावरच्या भावकीकडे मुलांना नेताना

मंडळी, गणपती-शिमग्याला गावी जाणारे तुम्ही सगळेच आहात. आज बोलायचंय ते लांबच्या भावकीबद्दल. आजोबांच्या चुलतभावाचं घर, तेही खाडीतल्या बेटावर, म्हणजे जुव्यावर, आणि बरोबर मुलं.

मालवण तालुक्यात गड नदी समुद्राला मिळते ती कालावलची खाडी. मसुऱ्याच्या बाजूला तिच्यात खोतजुवा, मसुरकर जुवा अशी वस्तीची बेटं आहेत. अशा ठिकाणी निघायची वेळ घड्याळावर ठरवू नका, तिथी बघा. जुना हिशोब असा, तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती, मधे ओहोटी. ओहोटीला होडी चिखलात रुतते. हा हिशोब मुलांना करू द्या. पावकी-निमकी न शिकलेली पिढी, बोटं मोजेल, पण कालवं, म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे खडकावरचे शिंपले, काढायला कधी जायचं ते तीच सांगेल.

आता अवघड गोष्ट. मुंबईचे नातेवाईक सणवार नसताना पडवीत येऊन बसले, की घरच्यांच्या मनात पहिला येतो तो सातबारा. त्यावर पणजोबांपासूनची नावं, वारसनोंदी अर्धवट, तुमचंही नाव कुठेतरी असणार. गूळपाणी येतं, विचारपूस होते, पण काकी दाराआडच उभी, कान इकडे. अशा वेळी 'माड किती? गडगा (हद्दीचा दगडी बांध) कुठपर्यंत?' असं सहज म्हणूनही विचारू नका. गंमत म्हणजे ज्या जमिनीची धास्ती, तिचाच किनारा वाळूउपशाने ढासळतोय, ही तिथल्यांची कितीतरी वर्षांची तक्रार. ते बोलले तर ऐका.

इथे मुलं उपयोगी पडतात. जरा हिशोबी वाटेल, पण वाटणी मागायला आलेल्याची पोरं चिखलात गुडघाभर बरबटत नाहीत. म्हातारी विचारणारच, "कोणाचो रे तू?" उत्तर मुलालाच देऊ द्या. स्वतःचं नाव नको, शाळा तर नकोच. वडील, आजोबा, पणजोबा, त्याच क्रमाने. घरून निघतानाच पाठ करून घ्या. तिसरं नाव ऐकलं की म्हातारी डोळ्यांवर हात धरून नीट बघते, आणि म्हणते, "मगे भायर कित्या बसलंस?" काकी तोवर घावण्यांचं पीठ ढवळायला गेलेली असते.

कालवं कोयतीने खडकावरून फोडतात. मुलांच्या हाती कोयती नको, भांडं द्या. पायात जुन्या चपला हव्यात, शिंपल्याची कड पाय चिरते.

राहायला सांगितलं तर राहा. निघताना नारळ देतील, ते घ्या. बदल्यात पाकीट काढू नका, तेवढ्यावर पुन्हा परके व्हाल. मुलांच्या मुठीत मात्र कुणीतरी नोट कोंबेल. तिथे "नको नको" करून अडवू नका, तो त्यांचा खाऊ आहे.