मुस्कट आणि मुसकं

(दृश्य: ओसरी. दोन म्हातारे हात, पिवळी दोरी.)

ही दोरी पूर्वी अंबाडीची असायची. आता नायलॉनची. विणायची रीत मात्र तीच. आधी एक गोल कडं करून घ्यायचं. कड्यात एकेक फास अडकवायचा, मग त्या फासात पुढचा फास. गाठ बसली की अंगठ्याने दाबून बघायची. भोकं मोठी राहिली तर बैलाची जीभ बाहेर येते. फार बारीक ठेवली तर त्याचा श्वास कोंडतो. मापाला पट्टी नाही. आजोबा अधूनमधून दोन्ही मुठी जाळीत घालून बघतात, आणि बैलाचं तोंड केवढं ते त्यांच्या मुठींना ठाऊक आहे.

याला म्हणतात मुसकं.

(दृश्य: शेत. सोयाबीन वीतभर झालंय. कोळपं चालू.)

कोळपणीला बैल दोन ओळींच्या मधून चालतात. दोन्ही बाजूंना कोवळं पीक, अगदी तोंडापाशी. म्हणून हे मुसकं. पीक वाचतं, बैल चालत राहतो. जाळीतून त्याची जीभ पानापर्यंत पोचायला बघते आणि मागे जाते. कॅमेरा जवळ नेला तेव्हा हे दिसलं.

इंग्रजीत याच वस्तूला 'मझल' म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा पहिला अर्थ जाळी नव्हे, जनावराचं थोबाड. कुत्र्याचं, घोड्याचं पुढे आलेलं तोंड. त्यावर जे बांधलं जातं, त्यालाही पुढे तेच नाव पडलं. बंदुकीच्या नळीच्या तोंडालाही मझलच म्हणतात. मग माणसाचं बोलणं बंद करायलाही तोच शब्द. आपल्याकडे मुस्कट म्हणजे तोंड, आणि ते दाबलं की मुस्कटदाबी. दोन भाषा, दोन मुलूख, पण शब्द सापडला तो जनावराच्या तोंडाशीच.

(दृश्य: तबेला, सकाळ. घोड्याच्या तोंडात लगाम चढवतायत.)

आता ही साखळी बघा. घोड्याच्या हनुवटीखालून जाते आणि तोंडातल्या लोखंडी दांडीला दोन्हीकडून जोडलेली असते. लगाम खेचला की दांडी फिरते, साखळी खालच्या जबड्यावर आवळते. ताकद फारशी लागत नाही. दोन बोटं पुरतात. या साखळीचं इंग्रजी नाव 'कर्ब'. वाकवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेलं, कारण साखळी आवळली की घोडा मान वाकवतो. सरकार अमुक गोष्टीवर 'कर्ब्ज' आणतं असं बातमीत ऐकतो, तेव्हा ही साखळी डोळ्यांसमोर येत नाही. आली पाहिजे. मराठी बातमीदार महागाईला वेसण घालतो, तेव्हा निदान बैलाचं नाक तरी आठवतं.

(दृश्य: जुनं चित्र. बाईच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा.)

हा सांगाडा जनावरासाठी केलेला नाही. याचं नाव 'स्कोल्ड्स ब्रायडल', म्हणजे कजाग बाईचा लगाम. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून तो वापरात होता. डोक्याभोवती पट्ट्या, मागे कुलूप, आणि तोंडात जाणारी ही चपटी जीभ. लोखंडी जीभ, खऱ्या जिभेवर दाबून बसणारी. काहींना टोकं काढलेली असत.

डोरोथी वॉ ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची उपदेशक. कार्लाइलच्या बाजारात उभी राहून बोलली म्हणून नगराध्यक्षाने तिला असा लगाम घातला. तिने स्वतः सांगितलेली हकिकत 1656 साली छापली गेली. डोक्यावर एक स्टोन वजनाचं लोखंड, म्हणजे सहा किलोंच्या वर. तोंडात दांडी. हात मागे बांधलेले, आपण ज्याला मुसक्या बांधणं म्हणतो तसे.

(दृश्य: पुण्यातला जुना छापखाना. शिशाचे खिळे, लाकडी केस.)

छापखान्यातल्या शिशाच्या अक्षराला मराठीत खिळा म्हणतात. केसच्या एकेका खणात एकेक अक्षर. जुळारी खणाकडे बघतही नाही, हात आपोआप जातो. खिळा उचलायचा, खाच बोटाला लागली की तो सुलट आहे हे कळतं, मग स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या जुळणीच्या पट्टीत, बसवायचा. ओळ उलटी जुळते आणि कागदावर सुलटी उमटते.

इंग्रजी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांमध्येही एक खिळा असायचा. संपादकाच्या टेबलावर, उभा, टोकदार. आपल्या किराणा दुकानात बिलं टोचून ठेवायची तार असते, तसाच. नको असलेली बातमी त्यावर टोचली की ती संपली. त्यावरूनच बातमी 'स्पाइक' करणं आलं. तिथे खिळ्याने बातमी मरायची. आपल्या भाषेत खिळे जुळले की बातमी जन्माला यायची.

हेच खिळे जप्त करायची सोय 1878 च्या देशी भाषा वृत्तपत्र कायद्यात होती. व्हाइसरॉय लिटन यांनी तो आणला. मॅजिस्ट्रेटने मुद्रकाकडून जामीन लिहून घ्यायचा, अनामत मागायची, आणि सरकारविरुद्ध काही छापलं तर छापखान्याचं सामान उचलायचं. दाद मागायला कोर्ट नाही. लोकांनी या कायद्याला नाव दिलं 'गॅगिंग ॲक्ट'. गॅग म्हणजे तोंडात कोंबलेला बोळा. घुसमटलेल्या घशातून जो आवाज येतो, त्यावरूनच हा शब्द आला असावा असं कोशकार मानतात.

कायदा फक्त देशी भाषांना होता, इंग्रजीला नाही. जानेवारी 1881 मध्ये पुण्यात दोन वृत्तपत्रं निघाली, इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी'. माणसं तीच, छापखानाही एकच, आर्यभूषण. मराठी खिळ्यांवर त्या वेळी तो कायदा होता, इंग्रजी खिळ्यांवर नव्हता. पुढे व्हाइसरॉय रिपन यांच्या काळात तो रद्द झाला.

(दृश्य: झेरॉक्सचा कागद. काळ्या पट्ट्या.)

आज मजकुरावर अशा पट्ट्या मारण्याला 'रिडॅक्ट' करणं म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ परत आणणे, नीट लावणे. मजकूर संपादित करून छापण्याजोगा करणं म्हणजे रिडॅक्ट करणं. तोच शब्द आता मजकूर झाकायला आला. सोशल मीडियावर खातं बंद केलं की 'विथहेल्ड' असं लिहून येतं. मागे धरलं. कोणी धरलं, कसं धरलं, शब्दात काहीच नाही. ना दोरी, ना साखळी, ना बोळा.

म्हणून अनुवाद करताना आम्ही हट्टाने सांगतो, जिथे गळा दाबला जातोय तिथे 'मर्यादा आणल्या' असं लिहू नका. गळचेपी लिहा. गळा आपोआप चेपला जात नाही. मुस्कट कोणीतरी दाबतं, तेव्हा ते दाबलं जातं. मराठीने हा दाबणारा हात शब्दात जपून ठेवलाय.

1975 च्या आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत सेन्सॉरशिपविरुद्ध बोलल्या. पुढच्या वर्षी त्या तुरुंगात होत्या.

(दृश्य: पुन्हा शेत, दुपार. बैल बांधावर.)

शेवटची ओळ संपली. जू उतरवलं. आजोबा मानेमागची गाठ सोडतात. नायलॉनची गाठ घामाने घट्ट बसते, वेळ लागतो.

मुसकं निघालं.

(इथून निवेदन नाही. बैल चरतोय, फक्त त्याचा आवाज.)