च्या, पेरू आणि गुडगुडी
(वेंगुर्ल्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येताना बाहेरच्या टपरीवर दोन मुलगे उभे होते. एक म्हणाला, "दोन च्या द्या." दुसऱ्याने त्याला लगेच टोकलं, "च्या काय म्हणतोस? चहा म्हण." पहिला गोरामोरा झाला. मला फार वाईट वाटलं. आज काजू-फणसापासून सुरुवात करायचं ठरवून आले होते, पण आता त्या पोराच्या कपापासूनच करते.

चहा चीनचा. तिथे लिहायला अक्षर एक, पण प्रांताप्रांतात उच्चार वेगळा. दक्षिणेला कँटनकडे 'चा', फुजियानच्या किनाऱ्यावर 'ते'. डचांनी फुजियानकडचा शब्द उचलला आणि युरोपभर नेला. इंग्रजीतला टी, फ्रेंचमधला ते, जर्मनमधला टे, सगळे त्या एका किनाऱ्याचे. तमिळमध्ये 'तेनीर' म्हणतात, त्यातलं 'नीर' म्हणजे पाणी हे तुम्हाला सांगायला नको. उलट पोर्तुगीज बसले होते कँटनजवळच्या मकावला, 1557 पासून, म्हणून त्यांच्याकडे 'चा'कडचा शब्द राहिला. आणि उंटांच्या तांड्यांबरोबर खुष्कीने जो गेला तो इराण, तुर्कस्तान, रशियात 'चाय' झाला.

आता गंमत बघा. 17व्या शतकात डचांची वखार होती ती आपल्या याच वेंगुर्ल्यात. पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. दारात डच असूनही त्यांचा 'ते' आपल्या जिभेवर बसला नाही. तो मुलगा 'च्या' म्हणाला, तेव्हा तो कँटनच्या माणसाच्या कितीतरी जवळचं बोलला. त्याला कोणी सुधारू नये.

पावाचंही तसंच. पायाने मळतात म्हणून पाव, असं लहानपणी आपल्याला कोणीतरी ठासून सांगितलेलं असतं. तसं नाही. पोर्तुगीज भाषेत 'पांव' म्हणजेच रोटी. हेच पोर्तुगीज 1543 साली जपानला पोचले आणि तिथेही पावाला 'पान' म्हणू लागले. म्हापशाच्या पोदेराचा आणि नागासाकीच्या भटारखान्यातला शब्द सख्खे भाऊ आहेत.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो पेरू. झाड अमेरिका खंडातलं. तिकडचा मूळ शब्द 'ग्वायाबा'सारखा, त्याचंच इंग्रजीत ग्वावा झालं. मग आपण पेरू का म्हणतो? पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नासपती. नवं फळ दिसायला तसंच, म्हणून ओळखीचं नाव चिकटलं, असं भाषेचे अभ्यासक मानतात. हिंदीत अमरूद म्हणतात. तो शब्द फारसी, आणि फारसीत त्याचा अर्थ काय? नासपतीच! म्हणजे एक नाव समुद्रावरून आलं, एक खैबरकडून, आणि दोघांनीही परक्या फळाकडे बघून तीच आठवण काढली. मला हे वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती. विदर्भात तर पेरूला जांब म्हणतात. आपल्याकडे जांब मागितलात तर दुसरंच फळ हातात पडेल, पाणीदार, गुलाबी-पांढरं. म्हणून कोण बरोबर, कोण चूक, हा प्रश्नच मला पटत नाही.

बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरचा, आणि तिथे तो होता रताळ्याचा. हिंदीभाषक पाहुणा आलू मागतो आणि आपल्याला अळू ऐकू येतं. जपानी लोक बटाट्याला 'जागाइमो' म्हणतात, म्हणजे जकार्ताचा कंद, कारण डचांच्या जहाजातून तो जकार्तामार्गे तिथे उतरला. काजूही ब्राझीलच्या तुपी भाषेतून आलेला. बोंडू मात्र आपला.

सगळं आपणच घेतलं असं समजू नका. दारातला माड बघा. एका झाडाला आपण किती शब्द दिले: पोय, झावळ, हीर, शहाळं, सोडण, करवंटी, खोबरं. संस्कृतातला नारिकेल फारसीत 'नारगील' झाला. करवंटीत पाणी भरून वर चिलीम बसवायची रीत पश्चिमेकडे गेली, तेव्हा नावही बरोबर गेलं. तुर्कस्तानात आज हुक्क्याला 'नारगिले' म्हणतात. तिथला हुक्का आता काचेचा असतो, करवंटीचा पत्ता नाही, ओढणाऱ्याने माड पाहिलेलाही नसेल. माझे आजोबा पडवीत बसून जी गुडगुडी ओढायचे, तिला करवंटी आमच्याच परसातली होती.